फिरत्या घरातले पक्के सामान

युरोपीय संघात मोटरहोमची कायदेशीर व्याख्या चार सोयींवर उभी आहे: बसायच्या जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा. झोपायची सोय बैठकीतूनच तयार होणारी असली तरी चालते. २००७च्या वाहन-मान्यता निर्देशाने या चारींना एक अट जोडली. हे सगळे सामान राहण्याच्या भागाला घट्ट जोडलेले असले पाहिजे. फक्त टेबल सहज काढता येण्याजोगे असले तर हरकत नाही. भारतात मोटार कॅरॅव्हानसाठी असलेल्या एआयएस-१२४ या मानकातली व्याख्याही याच धाटणीची आहे. म्हणजे एखाद्या व्हॅनमध्ये गादी टाकली, शेगडी ठेवली आणि कोपऱ्यात कपाट उभे केले, तरी कायद्याच्या लेखी ते घर होत नाही. हे सगळे गाडीला पक्के जोडले गेले की मगच होते.

जमिनीवरच्या घरात वास्तू वेगळी आणि सामान वेगळे. भाडेकरू खोली सोडतो तेव्हा पलंग-कपाट घेऊन जातो, भिंती तिथेच राहतात. फिरत्या घरात ही फारकत चालत नाही. कपाट हा गाडीच्या सांगाड्याचाच भाग होतो, कधी तर भिंतीला आधारही तेच देते. पण लाकूड झिजते, फोम बसतो, मुले मोठी होतात, गाडीचा मालक बदलतो, आणि सामान बदलण्याची वेळ येतेच. घट्ट बसवायचे आणि तरीही सुटण्याजोगे ठेवायचे, या दोन गरजांच्या ओढाताणीतून मोटरहोमचे फर्निचर घडत गेले. ही ओढाताण मोटारीच्या शोधापेक्षा बरीच जुनी आहे.

तिचे एक मूळ जहाजात सापडते. शिडाच्या जहाजावर कप्तानाच्या केबिनमधले टेबल डेकला जखडलेले असे. त्याच्या कडेला उंच पट्टी मारलेली असे, म्हणजे जहाज कलले तरी ताटे खाली घरंगळत नसत. दिवे आणि पुढे शेगड्या दुहेरी कड्यांत टांगल्या जात. जहाज कुठेही झुकले तरी त्या सरळ राहत. बाकाखाली पेटी, पेटीवर गादी, गादीच्या मागे फडताळ अशी एकावर एक रचना जहाजाच्या सुतारांनी पक्की करून ठेवली होती. सामान रिकाम्या जागेत मांडण्याऐवजी जागेच्या आकारानेच बांधायचे, हा विचार त्यांचा. आजच्या मोटरहोममध्ये कपाटाच्या दाराला दाबून बंद होणारी जी गोल कळ असते, ती नौकांच्या फर्निचरमध्येही सर्रास दिसते. वळणावर दार उघडून भांडी खाली येऊ नयेत म्हणून कपाटाला नुसते चुंबक पुरत नाही, जीभ अडकावी लागते; समुद्रावरच्या सुताराला हे आधीच कळलेले होते.

दुसरे मूळ छावणीत आहे, आणि ते अगदी उलट दिशेचे आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले ब्रिटिश लष्करी अधिकारी आपले सामान खेचरांच्या, उंटांच्या पाठीवर आणि बैलगाड्यांत घेऊन फिरत. त्यांच्यासाठी लंडनचे कारागीर खास फर्निचर बनवत. खणांचे कपाट दोन भागांत सुटे होई, कोपऱ्यांवर पितळी पट्ट्या असत, कड्या लाकडात खोल बसवलेल्या असत, म्हणजे दोरखंडात अडकून त्या तुटत नसत. पाय मळसूत्राने फिरवून काढता येत. याच परंपरेतून रुरकी इथल्या लष्करी अभियंत्यांच्या छावणीचे नाव लाभलेली रुरकी खुर्ची आली. तिच्या चौकटीत ना खिळा ना सरस. आडव्या दांड्यांची निमुळती टोके पायांच्या छिद्रांत नुसती खोचायची, कातड्याचा किंवा कॅनव्हासचा पट्टा ताणायचा, की खुर्ची तयार. सांधे ढिले असल्याने जमीन खडबडीत असली तरी चारही पाय टेकतात. माणूस बसला की त्याच्या भाराने सांधे आवळले जातात. सगळी खुर्ची सोडून कापडात गुंडाळली की काखेत मारून नेता येते. साधेपणातली ही करामत मोटरहोमच्या कारागिरांनी अजून पुरती वापरलेली नाही, असे वाटते.

भारतात चाकांवरच्या घराची एक स्वतंत्र परंपराही आहे. गाडिया लोहार आपले मूळ चित्तोडला मानतात. १५६८मध्ये गड पडल्यावर पूर्वजांनी पक्क्या घरात न राहण्याची आणि खाटेवर न झोपण्याची शपथ घेतली, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांच्या बैलगाडीत भाता, ऐरण, धान्य, कपडे सगळे सामावलेले असे आणि वर खाट उलटी करून बांधलेली असे. शपथेची खूण म्हणून ती तशी, आणि पाय वर असलेल्या खाटेच्या चौकटीत गाठोडी रचणेही सोपे. १९५५च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांनी पुन्हा चित्तोडच्या किल्ल्यात पाऊल टाकले. फिरत्या घरातल्या सामानाच्या इतिहासात त्या उलट्या खाटेइतका अर्थ वाहणारी दुसरी वस्तू मिळणे अवघड आहे.

युरोपात घोड्याच्या गाडीत राहण्याची चाल रोमा लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रुळवली. इंग्लंडमधल्या त्यांच्या गाड्या, विशेषतः रेडिंग गावच्या नावाने ओळखली जाणारी घडण, आतून किती विचारपूर्वक रचलेल्या असत ते एका शेगडीवरून कळते. दार पुढच्या बाजूला, घोड्यामागे. आत शिरले की बिडाची शेगडी डाव्या हाताला. म्हणजे गाडीच्या संदर्भात ती उजवीकडे, रस्त्याच्या मध्याच्या बाजूला येते. इंग्लंडात वाहने डावीकडून चालतात. शेगडी दुसऱ्या बाजूला असती तर तिचे धुराडे कडेच्या झाडांच्या फांद्यांत अडकून मोडले असते. मागच्या टोकाला आडवा पलंग, त्याच्या खाली सरकत्या दारांचे कपाट, आणि त्या कपाटात मुलांची झोपायची जागा. या गाडीत हलवण्यासारखे काहीच नव्हते. सामान बदलायचे म्हणजे गाडीच बदलायची.

हौशी प्रवासाचे फिरते घर याच नमुन्यावरून आले. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश नौदलातले निवृत्त शल्यचिकित्सक आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. त्यांनी १८८५मध्ये ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली. महोगनी आणि मेपल या लाकडांचे काम असलेली, सुमारे दोन टनांची ही गाडी दोन घोडे ओढत. त्याच वर्षी स्टेबल्स तिच्यातून स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत सुमारे १३०० मैल फिरले आणि पुढच्या वर्षी त्या प्रवासाचे पुस्तक निघाले. ते गाडीला जमिनीवरची नौका म्हणत. नौदलात आयुष्य घालवलेल्या माणसाला गाडी आतून रचताना जहाजाची केबिन आठवावी हे साहजिकच होते.

मोटरहोममधली सर्वांत परिचित वस्तू मात्र रेल्वेने दिली. समोरासमोरची दोन बाके, मध्ये टेबल, आणि रात्री तीच बाके जोडून होणारा पलंग, ही युक्ती अमेरिकेत जॉर्ज पुलमन यांच्या शयनयानांनी रूढ केली. १८६५च्या ‘पायोनियर’ या डब्यात समोरासमोरच्या आसनांतून खालची बर्थ तयार होई आणि वरची बर्थ छताजवळ बिजागऱ्यांवर दुमडलेली असे. भारतीय रेल्वेच्या शयनयानात साइड लोअरच्या दोन खुर्च्यांच्या पाठी पाडून झोपणाऱ्या प्रवाशाला हे वेगळे सांगायला नको. दिवसाचे सामान आणि रात्रीचे सामान एकच, हे तत्त्व मान्य झाले आणि मोटारीएवढ्या जागेत घर बसवणे शक्य झाले.

मोटारीच्या चासीवर घर बांधण्याचे पहिले ठळक प्रयत्न अमेरिकेत श्रीमंतांनी केले. १९१०मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मांडलेल्या पियर्स-ॲरो कंपनीच्या ‘टूरिंग लँडो’मध्ये मागची बैठक उलगडून पलंग होई आणि चालकाच्या आसनाच्या पाठीतून दुमडलेले वॉशबेसिन बाहेर येई. १९१५मध्ये बस बनवणाऱ्या कंपनीचे मालक रोलंड काँकलिन यांनी ‘जिप्सी व्हॅन’ बांधली. लांबी २५ फूट, वजन सुमारे आठ टन. सबंध स्वयंपाकघर, दुमडणारे पलंग, लपवलेले पुस्तकांचे कपाट आणि छतावर बाग अशा थाटात काँकलिन कुटुंब लाँग आयलंडहून सॅन फ्रान्सिस्कोला गेले. त्या गाडीची वृत्तपत्रांत चर्चा झाली, पण सर्वसामान्यांच्या घरफिरतीची वाट तिच्यामुळे मोकळी झाली नाही. ती वाट मॉडेल टी फोर्डच्या मागे स्वतःच्या हाताने लाकडी खोके ठोकणाऱ्यांनी काढली. १९१९मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे त्यांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ हा संघ स्थापन केला. घरातलेच सामान, घरातलेच खिळे. खराब रस्त्यावर खिळा हळूहळू बाहेर येतो हे ज्ञान त्या पिढीने अनुभवाने मिळवले.

१९३०च्या दशकात विमान बांधणीची विद्या या धंद्यात आली. ग्लायडर बनवणारे विल्यम हॉली बोलस यांनी १९३४मध्ये अल्युमिनियमच्या पत्र्याची, रिव्हेटांनी जोडलेली ‘रोड चीफ’ ही मागे ओढायची कॅरॅव्हान आणली. १९३६मध्ये वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीची ‘क्लिपर’ त्याच वळणावर आली. तिच्यात पोलादी नळ्यांच्या चौकटीची बैठक होती आणि ती पलंगात बदलत असे. इथे फर्निचरच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट घडली. विमानाप्रमाणे आधी संपूर्ण कवच तयार होऊ लागले आणि सामान नंतर आत जाऊ लागले. जे आत जाणार ते दारातून जाणार, म्हणजेच पुढे कधी काढायचे झाले तर दारातून बाहेरही येणार. जुन्या एअरस्ट्रीम आतून पूर्ण रिकाम्या करून पुन्हा सजवण्याचा उद्योग आज अमेरिकेत जोरात आहे, त्यामागे बांधणीचा हा क्रम आहे.

लाकडी सांगाडा आणि वरून पातळ पत्रा अशा स्वस्त कॅरॅव्हानांत क्रम उलटा असे. आधी जमीन घालायची, तिच्यावर कपाटे आणि बाके बसवायची, मग भिंती उभ्या करायच्या, भिंतीच्या बाहेरून कपाटात स्क्रू मारायचे आणि शेवटी सगळ्यावर पत्रा चढवायचा. काम झपाट्याने होई आणि जोडही मजबूत होई, पण स्क्रूचे डोके पत्र्याखाली कायमचे गाडले जाई. वीस वर्षांनी मालक ते कपाट काढायला बसला की आतून त्याला एकही स्क्रू दिसत नाही. शेवटी एकतर बाहेरचा पत्रा उचकटावा लागतो किंवा कपाट कापून काढावे लागते. मोटरहोमच्या दुरुस्तीत वाया जाणाऱ्या श्रमांतला मोठा वाटा या एका सोयीपायी आहे. कारखान्यात वाचलेला तासभर पुढच्या मालकाने काही दिवसांनी भरून द्यायचा, हा व्यवहार न्याय्य नव्हता.

सुटे करण्याच्या बाजूने सर्वांत विचारपूर्वक उत्तर जर्मनीतून आले. फोक्सवॅगनच्या ट्रान्सपोर्टर व्हॅनचे उत्पादन १९५०मध्ये सुरू झाले. पुढच्याच वर्षी वीडेनब्र्युक इथल्या वेस्टफालिया कंपनीने तिच्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ बनवला. जर्मनीत तैनात असलेल्या एका परदेशी अधिकाऱ्याच्या मागणीवरून पहिला नमुना झाला असे सांगतात. हा बॉक्स म्हणजे पुढच्या आसनामागे बसणारे लाकडी कपाट आणि त्याला जोडून पलंग होणारी बैठक, असा एकसंध संच. शेगडीचे आणि हात-तोंड धुण्याचे सामान दारांना लटकणाऱ्या छोट्या कपाटांत असे. हा संच गाडीत घालता-काढता येत असे. युद्धानंतरच्या जर्मनीत एका कुटुंबाला दोन गाड्या परवडणे शक्य नव्हते. सोमवार ते शुक्रवार व्हॅनमध्ये रंगाचे डबे किंवा भाजीच्या पेट्या जात. सुटीत बॉक्स आत सरकवला की तीच व्हॅन कुटुंबाला घेऊन निघे. फर्निचर पक्के असावे की सुटे, हा वाद इथे गरजेनेच मिटवला: चालताना ते पक्के आणि गरज नसताना ते गाडीबाहेर.

पुढे समृद्धी आली तशी ही गरज ओसरली. वेस्टफालियाच्या साठीच्या दशकातल्या गाड्यांत फर्निचर कायमचे बसवलेले येऊ लागले. ट्रान्सपोर्टरच्या २००३च्या टी-५ पिढीपासून ‘कॅलिफोर्निया’ ही घरफिरतीची गाडी फोक्सवॅगन स्वतःच बनवू लागली आणि तिच्यात लाकडाऐवजी अल्युमिनियमची हलकी कपाटे आली. त्याच पिढीच्या ‘मल्टिव्हॅन’मध्ये मात्र जमिनीत लांब रुळ बसवले गेले, आसने आणि टेबल त्यांवरून सरकवता येत, काढताही येत. कॅम्पिंग बॉक्समागचा विचार असा दुसऱ्या रूपात टिकला. अलीकडे साध्या मोटारीच्या मागच्या भागात बसणाऱ्या, पलंग आणि शेगडी सामावणाऱ्या पेट्या युरोपात पुन्हा विकल्या जाऊ लागल्या आहेत.

ब्रिटनमध्ये हाच काळ फोक्स्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीच्या ‘डॉर्मोबिल’चा आणि सिडमथमधल्या सुतारकामाच्या कारखान्यातून १९५६मध्ये निघालेल्या ‘डेव्हन’ गाड्यांचा. डॉर्मोबिलची कमाल तिच्या आसनांत होती. पाठ, बैठक आणि पाय तीन सांध्यांवर उलगडून त्यांचा सपाट पलंग होई. पण ब्रिटनमध्ये फर्निचर पक्के होण्यामागे एक वेगळे कारणही होते. १९७३मध्ये मूल्यवर्धित कर येईपर्यंत तिथे मोटारीवर खरेदी कर होता, आणि झोपायची व स्वयंपाकाची पक्की सोय असलेल्या मोटार-कॅरॅव्हानला त्यातून सूट मिळे. कपाट जमिनीला बोल्टने आवळण्यात करबचतही होती. व्हॅन घेऊन घरीच सामान बसवण्याचे तयार संच त्या काळात चांगले खपले ते यामुळे. फर्निचरच्या घडणीवर सुताराइतकाच करखात्याचा हात फिरला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

अमेरिकेत मिशिगनमधल्या ब्राउन सिटीचे रेमंड फ्रँक यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या कुटुंबासाठी बांधलेली गाडी ‘मोटर होम’ या नावाने विकायला सुरुवात केली. १९६६मध्ये आयोवातल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबॅगो कंपनीने जुळणी-साखळीवर मोटरहोम काढून ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. तिच्या भिंती बाहेर अल्युमिनियम, मध्ये फोम, आत पातळ फळी अशा चिकटवलेल्या थरांच्या होत्या. या थरांच्या भिंतीने फर्निचर बसवण्याचे गणितच बदलले. फोमला स्क्रू धरत नाही. म्हणून वरची कपाटे जिथे येणार तिथे कारखान्यातच भिंतीच्या पोटात लाकडाची किंवा धातूची पट्टी घालून ठेवतात. पट्टी सापडली तर कपाट वर्षानुवर्षे हलत नाही. दोन बोटे चुकली तर स्क्रू फोममध्ये जातो, हाताला घट्ट लागतो आणि पहिल्याच घाटात निसटतो. जुने कपाट काढून नवे लावणाऱ्याने जुन्या छिद्रांच्या जागा आधी कागदावर उतरवून घ्याव्या, हा या कामातला पहिला धडा आहे.

१९९०च्या सुमारास इंडियाना राज्यातल्या न्यूमार कंपनीने बाजूला सरकून बाहेर येणारी भिंत मोटरहोममध्ये आणली. सोफा, जेवणाचे टेबल, कधी संपूर्ण स्वयंपाकघर त्या भिंतीबरोबर आत-बाहेर करू लागले. आत ऐसपैस दिवाणखाना झाला आणि त्याबरोबर घरगुती धाटणीचे जड सोफे आले. मोटरहोमचे दार साधारण ६०-६५ सेंमी रुंद असते. त्यातून अखंड सोफा जात नाही. म्हणून या गाड्यांसाठी बनवलेल्या सोफ्याची पाठ बैठकीपासून सुटी होते आणि आत नेऊन ती परत अडकवतात. काही मोठ्या गाड्यांत मूळ सोफा दार कापण्याआधी किंवा पुढची काच बसवण्याआधीच आत गेलेला असतो. तो बाहेर काढायला मोठी खिडकी नाहीतर पुढची काच उतरवावी लागते. सोफा विकत घेण्याआधी टेप दारावर धरायची, सोफ्यावर नंतर.

सामान का जखडायचे याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. जोरात ब्रेक दाबला तर गाडीतली प्रत्येक वस्तू तिच्या वजनाच्या जवळपास ०.८ पट बलाने पुढे रेटली जाते. ४० किलोचे कपाट ३२ किलोचा धक्का देते, तो चार स्क्रू सहज झेलतात. पण टक्कर होऊन मंदन गुरुत्वाच्या वीस पटीला गेले तर तेच कपाट ८०० किलोसारखे वागते. अमेरिकेत १९६८पासून लागू होऊ लागलेल्या संघीय सुरक्षा मानकांपैकी २०७ क्रमांकाचे मानक आसनाच्या जोडणीसाठी हाच वीस पटींचा आकडा धरते. २१०वे मानक कमरेच्या पट्ट्याच्या खुंट्यांनी ५००० पौंड, म्हणजे सुमारे २२७० किलो, ओढ सोसावी असे सांगते. एवढी ओढ लाकडी बाकाची चौकट सोसू शकत नाही. म्हणून पट्टा सोफ्याला नसतो. तो सोफ्याच्या फटीतून येतो आणि त्याचे मूळ जमिनीखालच्या पोलादात असते. जुना सोफा काढताना हे पट्टे कापून टाकणे, किंवा नव्या सोफ्याच्या फळीला ते स्क्रूने ठोकणे, या कामातली सर्वांत घातक चूक आहे. चालत्या गाडीत बसण्यासाठी नसलेल्या आसनावर तशी ठळक सूचना लावणे २०७व्या मानकानेच बंधनकारक केले आहे.

भिंतीला पाठ लावून बसायच्या आडव्या सोफ्याला मात्र त्या मानकाने वीस पटींच्या कसोटीतून वगळले होते. युरोपने २००५च्या निर्देशाने नव्या छोट्या प्रवासी गाड्यांत अशा आडव्या जागा प्रवासासाठी बसवणेच बंद केले. आडव्या बसलेल्या माणसाला कमरेचा पट्टा टकरीत वाचवत नाही, उलट शरीर पट्ट्याभोवती पिळवटते. या नियमाने युरोपीय मोटरहोमचा दिवाणखाना बदलला. चालक आणि शेजारच्या प्रवाशाची आसने फिरत्या तबकडीवर आली. गाडी थांबली की ती मागे वळतात आणि मागच्या पक्क्या बाकासमोर टेबल येऊन जेवायची जागा तयार होते. दोन आसने वाचली, तेवढे वजनही वाचले.

वजनाचा प्रश्न युरोपात विशेष कडक आहे, कारण साध्या परवान्यावर साधारणपणे ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. आठ बाय चार फुटांची १५ मिमी जाडीची पॉपलर प्लायवूडची फळी साधारण २० किलो भरते; तेवढ्याच मापाची एमडीएफची फळी ३३ किलोंच्या पुढे जाते. एका मोटरहोममध्ये अशा आठ-दहा फळ्या सहज लागतात. म्हणून युरोपीय कारखान्यांनी हलके पॉपलर धरले, आणि घरगुती कपाटातला पार्टिकल बोर्ड या कामाला निकामी ठरला. तो जड तर असतोच, शिवाय त्यात एकदा काढलेला स्क्रू पुन्हा त्याच भोकात धरत नाही, आणि ओल लागली की फुगतो.

जोडणीची साधनेही काळानुसार बदलली. खिळ्याची जागा स्क्रूने घेतली. स्क्रू कंपनाने सैल होतो म्हणून जिथे भार जास्त तिथे आरपार बोल्ट, खाली रुंद पोलादी पट्टी आणि नायलॉनची कडी असलेला नट आला. पातळ पत्र्यात आटे पाडता येत नाहीत, तिथे रिव्हेटसारखा दाबून बसवायचा आट्यांचा नट वापरतात. त्यातून बोल्ट हवा तितक्या वेळा काढता-लावता येतो. पॉलियुरेथेनचा लवचीक चिकटा आल्यावर भिंत आणि कपाट यांच्यात थोडी हालचाल सामावून घेणारा जोड मिळाला, कुरकुर थांबली. पण चिकटवलेले कपाट तारेने किंवा पात्याने कापल्याशिवाय सुटत नाही. या सगळ्यांत सर्वांत गुणी साधन विमानातून आले. विमानाची आसने जमिनीतल्या ज्या अल्युमिनियमच्या खाचेत अडकतात, त्या खाचेत एकेक इंचावर गोल छिद्रे असतात. गाडीच्या जमिनीत तशी पट्टी बोल्टने बसवली की बाक, कपाट, सायकलचा अडकवा, जे हवे ते हव्या त्या छिद्रावर पक्के करता येते आणि पाच मिनिटांत काढताही येते. पक्के आणि सुटे या दोन्ही गरजा एकाच वेळी पुऱ्या करणारे हे साधन आहे. किंमत जास्त आहे, तरी नव्याने गाडी सजवणाऱ्याने खर्च करावा तर इथे करावा.

भारतात हा धंदा अजून तरुण आहे. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, १९८७मध्ये आणलेली ट्रॅव्हलर ही मर्सिडीजच्या ज्या टी-१ व्हॅनवर बेतलेली होती, तिच्यावर जर्मनीत भरपूर मोटरहोम बांधली गेली. इथे ट्रॅव्हलर वऱ्हाडाच्या आणि सहलीच्या कामाला लागली. कॅरॅव्हान म्हणून तिचा वापर बराच उशिरा सुरू झाला. दरम्यान हिंदी चित्रपटसृष्टीत व्हॅनिटी व्हॅन आली. ती रूढ करण्याचे श्रेय अभिनेत्री पूनम ढिल्लन यांना दिले जाते. व्हॅनिटी व्हॅनमध्ये माणसे असतात ती गाडी उभी असताना. त्यामुळे आरसा, सोफा, पलंग हे सगळे खोलीच्या सजावटीसारखे करून भागते. कॅरॅव्हानमध्ये कुटुंब चालत्या गाडीत बसते, आणि तोच कारागीर, तीच फळी, तोच स्क्रू तिथे पुरा पडत नाही. महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यावर अशा गाड्यांची मागणी वाढण्याची वाट मोकळी झाली, म्हणून हा फरक सजावट करणाऱ्यांनी मनावर घेण्याची वेळ आली आहे.

इथल्या रस्त्यांचा आणि हवेचा विचारही बांधणीत धरावा लागतो. कोकणातल्या पावसाळ्यात साधा प्लाय थरांत सुटतो, म्हणून पाण्याला टिकणारा मरीन प्लाय आणि कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी किंवा रंग हवा. गतिरोधकांवर उभ्या दिशेने बसणारा धक्का कपाटाच्या तळाला उचलतो. तेव्हा नुसते भिंतीला बांधून चालत नाही, जमिनीलाही बांधावे लागते. शेगडीच्या सिलिंडरला स्वतंत्र, बाहेर वायुवीजन असलेला कप्पा आणि दोन पट्टे लागतात. आणि कायद्याची बाजू आहे: मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. फाटलेल्या सोफ्याच्या जागी त्याच मापाचा, त्याच बोल्टांवर बसणारा सोफा घालणे ही दुरुस्ती आहे. आसनांची संख्या वाढवणे किंवा मालवाहू व्हॅनमध्ये पलंग व स्वयंपाकघर बसवणे हा बदल आहे, आणि त्यासाठी फळी कापण्याआधी परिवहन कार्यालयात जावे लागते.